नारळाचा लाल शेंडा

नारळाचे झाड आजारी आहे की नाही, हे खालून कसे ओळखायचे? झावळ्या वर, आपण खाली. केरळात हा प्रश्न गमतीचा नव्हता. तिथल्या बागांना 'रूट विल्ट' हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जडला आहे. झाड लगेच मरत नाही. पाने मलूल होऊन बरगड्यांसारखी आत वळतात, पिवळी पडतात आणि फळ घटत जाते. खात्रीचे औषध नाही. रोगट झाडे काढून टाकायची, तर आधी ती कुठे आणि किती हे कळायला हवे.

१९७० साली कायमकुळमच्या परिसरात नारळबागांचे हेलिकॉप्टरमधून फोटो घेतले गेले. सूत्रधार होते पी. आर. पिशारोटी, मूळचे हवामानशास्त्रज्ञ. पुण्यातली उष्णदेशीय हवामान संस्था १९६२ साली निघाली, तेव्हा तिचे पहिले संचालक तेच होते. विक्रम साराभाईंनी त्यांना या नव्या कामात ओढले, आणि साठी उलटल्यावर ते त्यात शिरले.

फिल्म मात्र साधी नव्हती. हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश शोषते, हिरवा त्या मानाने परत पाठवते. तांबड्याच्या पलीकडे, साधारण ०.७ मायक्रॉनच्या पुढे, आपला डोळा आंधळा. आणि पान सर्वांत जास्त उजळते ते तिथेच. निरोगी पान या अवरक्त प्रकाशाचा जवळजवळ निम्मा भाग परतवते. हे काम हरितद्रव्याचे नव्हे. पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो. ही रचना बिघडली की परावर्तन घटते. (अवरक्त म्हटले की मुले 'उष्णता' म्हणतात. इथे झाडाची उष्णता मोजलेली नाही. उन्हाचाच परत आलेला प्रकाश टिपला आहे.) या फिल्मवर अवरक्त लाल उमटतो, लाल हिरवा आणि हिरवा निळा. म्हणून निरोगी शेंडे लालभडक, रोगट फिकट. दुसऱ्या महायुद्धात हिरव्या रंगाखाली लपवलेले लष्करी सामान ओळखायला अशी फिल्म वापरात आली होती. तो रंग डोळ्याला फसवी, फिल्मला नाही.

१७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए उपग्रह सोडला गेला आणि फिल्मऐवजी आकडे येऊ लागले. संगणकाच्या पडद्यावर आम्ही अवरक्त पट्टा अजूनही लालच रंगवतो. सवय त्या फिल्मची! पण त्या उपग्रहाच्या चांगल्या कॅमेऱ्याचाही एक ठिपका ३६.२५ मीटरचा. नारळ साडेसात मीटरवर लावले, तर वीसेक झाडे एकाच ठिपक्यात. जिल्ह्याच्या पिकाचा अंदाज त्यावरून जमतो, एकटे आजारी झाड त्यात हरवते. कायमकुळमचा प्रयोग कमी उंचीवरून झाला हे आम्हाला म्हणूनच मोलाचे वाटते.

फोटोने रोग कुठे आहे ते दाखवले, का आहे ते नव्हे. ते पुढे, १९८०च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उलगडले: कीटकांमार्फत पसरणारा फायटोप्लाझ्मा.