आधी भिंत ओळखू या

आम्ही माझगावच्या बायका बोलतोय. मुंबईच्या जुन्या सात बेटांतलं एक माझगाव, गोदी आमच्या उशालाच. आमच्याकडची बरीच घरं कोकणातून, साताऱ्याकडून आलेली. त्यामुळे गावाकडची जमीन हलली की इथे आमच्या काळजाचा ठोका चुकतो.

जमिनीचा हादरा आमच्या भागालाही नवा नाही. 14 एप्रिल 1944 ला दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचे दोन स्फोट झाले. तो भूकंप नव्हता, पण हादरा इतका मोठा की दूर सिमल्याच्या भूकंपमापकावरही त्याची नोंद झाली. शेकडो माणसं गेली. कित्येक मैलांवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. म्हणून आम्ही पहिली गोष्ट सांगतो: धक्का बसला की खिडकीपासून, काचेपासून लांब व्हा.

मग 11 डिसेंबर 1967. पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. सुमारे 180 माणसं दगावली. धक्का पुण्या-मुंबईतही जाणवला. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. पाटणच्या खोऱ्यात ज्यांची माणसं होती, त्यांनी इथे बसून तारेची नाहीतर पत्राची वाट पाहायची, एवढंच हातात होतं. आज मोबाइल आहेत, पण मोठ्या संकटात तेही लागत नाहीत. म्हणून परगावच्या एका नातेवाइकाचा नंबर घरातल्या सगळ्यांनी पाठ करावा. जो सुखरूप असेल त्याने तिथे निरोप द्यायचा.

किल्लारी तर तुम्हाला ठाऊकच आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गेली. 1992 मध्ये तिथे लहान धक्के बसले होते, तरी सरकारी नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याचा होता. नकाशावर विसंबून राहू नये, ते यासाठी.

जीव कशाने घेतला? घरांनी. जाडजूड दगडी भिंती, पण दगड नुसते चिखलात बसवलेले. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मध्ये मातीची भर, आणि दोन्ही पदरांना आरपार बांधणारा दगडच नाही. वर माळवदावर फूटभर, कुठे त्याहून जाड माती. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छप्पर अंगावर आलं.

पण किल्लारीची गोष्ट इथे संपत नाही. पडझड झालेल्या हजाराहून अधिक गावांत घरं दुरुस्त आणि बळकट करण्याचं काम झालं. त्यात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर गावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. भिंतीत आरपार दगड कसे घालायचे, घराला चहूबाजूंनी पट्टा कसा बांधायचा, माळवदावरची माती का उतरवायची, हे त्यांनी शिकून घेतलं, घरोघरी समजावलं आणि कामावर नजर ठेवली. 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूरकडच्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

आणि भूकंप नसतानाही घर पडतं. 27 सप्टेंबर 2013 ला सकाळी आमच्या डॉकयार्ड रोडवरची पाच मजली इमारत कोसळली. 61 माणसं गेली. तेव्हापासून भिंतीला तडा दिसला की आम्ही त्यावर कॅलेंडर टांगत नाही, दाखवायला माणूस बोलावतो.

आता घरातली कामं. झोपायच्या जागेवरच्या फळीवर पाटा, पितळी हंडे, ट्रंक ठेवू नका. कपाट भिंतीला पक्कं बसवा. उशाशी चप्पल आणि बॅटरी ठेवा. एका पिशवीत रेशनकार्ड, पासबुक, औषधं, शिट्टी, पाण्याची बाटली भरून दाराजवळ टांगा.

धक्का बसला आणि पक्क्या इमारतीत असाल, तर जिन्याकडे धावू नका. मजबूत टेबलाखाली शिरा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. लिफ्ट नको. दगडमातीच्या घरात अगदी दाराशी असाल आणि समोर मोकळं अंगण असेल, तर लेकराला घेऊन लगेच बाहेर पडा. दार लांब असेल तर मजबूत पलंगाखाली शिरा. बाहेर आल्यावर भिंत, झाड, विजेची तार यांच्यापासून दूर थांबा.

हादरा थांबला की आधी माणसं मोजा. गॅस बंद करा, काडी ओढू नका, विजेचं बटण दाबू नका. मागून आणखी धक्के येतात, म्हणून दागिना आणायला, भांडं काढायला तडकलेल्या घरात परत जाऊ नका. मदतीला 112 लावा.

मैत्रिणींनो, पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एक काम करा. दोघी-दोघींनी एकमेकींच्या घरी जा आणि बघा: आमची मैत्रीण झोपते कुठे, आणि तिच्या डोक्यावर काय आहे? जे जड दिसेल ते त्याच दिवशी, दोघींनी मिळून खाली उतरवा.