१९६८ : मतदाराने जायचे कुठे?

१९६८ सालचा अमेरिकन मतदार आठवा. व्हिएतनाममध्ये पाच लाखांवर सैनिक होते. गरिबांच्या तोंडचा घास युद्ध पळवते आहे, असे मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ मध्येच बजावले होते. एप्रिल ६८ मध्ये त्यांचीच हत्या झाली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकांत लोकांनी युद्धविरोधकांना भरभरून मते दिली. शिकागोच्या अधिवेशनाने उमेदवारी दिली ती या निवडणुकांत न उतरलेल्या हम्फ्रींना. बाहेर तरुणांवर लाठ्या पडत होत्या. नोव्हेंबरात निक्सन जेमतेम ४३ टक्के मतांवर जिंकले. सैन्य परतायला १९७३ उजाडले. त्या संतापाने एवढे मात्र केले : १९७२ साठी पक्षाला उमेदवार निवडीचे नियम बदलावे लागले. रागावलेला मतदार घरी बसला नाही, तर पक्षांना ऐकावे लागते. फक्त तोवर कितीतरी घरे रिकामी झालेली असतात.