गाव सुटले तेव्हा मिळालेले आडनाव

1937 साली तेल अवीवमध्ये एक इंग्रजी ग्रंथ छापून बाहेर पडला. विषय होता भारतातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाचा इतिहास. त्याचे हस्तलिखित 1897 मध्येच मुंबईत तयार झाले होते, म्हणजे छापील रूप यायला चाळीस वर्षे लागली. लेखकाचे नाव हाईम सॅम्युअल केहीमकर. यातली पहिली दोन नावे हिब्रू आहेत आणि तिसरे अलिबाग तालुक्यातल्या किहीम गावाचे. भूमध्य समुद्राच्या काठावर छापलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर अष्टागरातले एक गाव जाऊन बसले, ते केवळ आडनावाच्या जोरावर. केहीमकर हे आडनाव विरळ आहे. त्याच्यासारखी आणखी कितीतरी विरळ आडनावे याच समाजात आहेत: आवासकर, झिराडकर, चेऊलकर, पेझारकर, अष्टमकर, वाकरुळकर, उमर्डेकर. अशी शंभराहून अधिक नावे नोंदली गेली आहेत. या समाजाची संख्या मात्र कधीच मोठी नव्हती. 1830 च्या दशकातल्या अंदाजांनुसार मुंबई आणि कोकण मिळून ती सुमारे 8,000 भरत होती. भागाकार केला तर एका आडनावामागे फार तर ऐंशी माणसे, म्हणजे पंधरा-सोळा घरे येतात. इतक्या थोड्या माणसांना इतकी आडनावे कशी मिळाली, या प्रश्नाचे उत्तर कोकणच्या गावगाड्यात आहे.

आडनाव म्हणजे मूळस्थान, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. केहीमकर मूळचे किहीमचे आणि रोहेकर मूळचे रोह्याचे, असे म्हणून आपण मोकळे होतो. बेने इस्रायलांच्या बाबतीत ही समजूत त्यांच्याच परंपरेने खोटी ठरते. त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांना तिथेच पुरले, असे ते पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. केहीमकरांनी ही घटना ख्रिस्तपूर्व 175 च्या सुमाराची मानली. या तारखेवर वाद घालता येईल, पण नवगाव हे स्थान समाजात कोणीही वादग्रस्त मानत नाही, आजही तिथे स्मारक आहे. आडनाव जर मूळस्थानाची खूण असते, तर सगळा समाज नवगावकर म्हणवला गेला असता. प्रत्यक्षात नवगावकर हे शंभरांतले एक आडनाव आहे. तेव्हा ही आडनावे पहिल्या पिढ्यांच्या कितीतरी नंतरची आहेत. समाज किनाऱ्यावरून खाडीकाठच्या आणि आतल्या गावांत पुरता पांगून गेल्यावर ती जडली.

‘कर’ हा प्रत्यय कसा लागतो हे थोडे बारकाईने पाहायला हवे. किहीममध्ये राहणाऱ्याला किहीममध्ये कोणी केहीमकर म्हणत नाही, कारण तिथे सगळेच किहीमचे. गावात माणूस ओळखला जातो तो बापाच्या नावाने, धंद्याने किंवा आळीने. तो पेणेला जाऊन राहिला, मुंबईला पलटणीत भरती झाला, की लोक विचारतात, कुठला हा? या विचारण्याचे उत्तरच त्याच्या नावाला चिकटते. म्हणून असे आडनाव गाव सुटल्याची खूण असते. चेऊलकर हे नाव याची चांगली साक्ष देते. आज आपण त्या गावाला चौल म्हणतो, पण शिवकाळातल्या कागदांत ‘चेऊल’ असे रूप सापडते. गावाचे नाव बोलता बोलता बदलत गेले आणि गाव सोडून गेलेल्यांच्या आडनावात मात्र जुना उच्चार तसाच राहिला. किहीम आणि केहीमकर यांच्यातला फरकही मला त्याच जातीचा वाटतो. बाहेर पडलेले नाव गावाबरोबर बदलत नाही.

आता गावांच्या संख्येकडे वळू. एक समाज शंभरावर गावांत पांगतो याला कारण लागते, आणि माझ्या मते ते कारण म्हणजे तेलाचा घाणा. बेने इस्रायलांना कुलाबा जिल्ह्यात ‘शनवार तेली’ म्हणत. शनिवारी ते घाणा जुंपत नसत, म्हणून हे नाव पडले. सोमवार पाळणारे हिंदू तेली ‘सोमवार तेली’ म्हणून ओळखले जात. लाकडी घाण्याचा हिशेब साधा आहे. एक बैल दिवसभर फिरून जेवढे तेल काढतो, तेवढे एका गावाला पुरते. गावकरी आपले तीळ, आपले खोबरे घेऊन येतात, तेल घेऊन जातात आणि तेल्याला त्याचा वाटा आणि पेंड मिळते. दोन-चारशे वस्तीच्या गावात असा एक घाणा पोटापुरता चालतो आणि दोन झाले की दोन्ही उपाशी राहतात. घाणेकऱ्याला तीन मुलगे झाले, तर एकाने बापाचा घाणा चालवायचा आणि उरलेल्या दोघांनी घाणा नसलेले गाव शोधायचे, याला पर्याय नव्हता. शेतकऱ्याची जमीन वाटली जाते, तिचे तुकडे होतात. घाण्याचे तुकडे होत नाहीत. म्हणून हा समाज वाढला तसा गावागणिक विरत गेला. मग कोणा कुटुंबाने गाव सोडले, की मागे राहिलेल्या गावाचे नाव ते बरोबर घेऊन गेले.

याच मुलखातल्या आगरी समाजाशी तुलना केली की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. आगऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे, तरी म्हात्रे, पाटील, ठाकूर, घरत, भगत अशी मोजकी आडनावे हजारो घरांत पसरलेली दिसतात आणि त्यांत ‘कर’ क्वचित. खारजमिनीची शेती आणि मिठागरे यांना एकत्र राबणारे हात लागतात. बांध फुटला तर अख्खे गाव धावून जावे लागते. त्या धंद्याने माणसे एका ठिकाणी धरून ठेवली आणि घाण्याने ती दूर दूर पेरली. कुंडलिका नदीच्या एका काठावर रोहे आणि समोरच्या काठावर अष्टमी आहे. लोक दोन्ही मिळून ‘रोहे-अष्टमी’ म्हणतात. तरीही बेने इस्रायलांत रोहेकर आणि अष्टमकर ही दोन वेगळी आडनावे आहेत. मधे फक्त एक नदी, पण दोन काठांवर वेगवेगळी गिऱ्हाइके आणि दोन घाणे. धंद्याच्या सीमा इतक्या बारीक होत्या.

यावर एक आक्षेप येईल की सगळे बेने इस्रायल तेली नव्हते. ते खरेच आहे. काही शेती करत, काही सुतारकाम करत आणि आंग्रे व सिद्दी यांच्या आरमारांत नोकरी केलेल्यांचीही परंपरा समाजात सांगितली जाते. पण आरमाराने माणसे कुलाबा आणि जंजिरा अशा दोन-तीन ठाण्यांवर गोळा केली असती, वाकरुळसारख्या आतल्या गावात पोहोचवली नसती. शेतीने त्यांना आगऱ्यांसारखे एकगठ्ठा बसवले असते. गावागावांत एकेक घर असे जे चित्र आडनावांतून उभे राहते, ते घाण्याखेरीज दुसऱ्या धंद्याने नीट उलगडत नाही.

या पांगलेपणाचा आणखी एक पुरावा समाजाच्या धर्मव्यवस्थेत आहे. डेव्हिड रहाबी नावाच्या पाहुण्या धर्मबंधूने या लोकांना ओळखले, विसरलेला धर्माचार पुन्हा शिकवला आणि तीन माणसांना उपाध्येपण दिले, अशी परंपरा आहे. हे तिघे पुढे काझी म्हणवले गेले. त्यांची घराणी होती झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर. झिराड अलिबागच्या उत्तरेला, किहीमच्या शेजारी आहे. राजपुरी दक्षिणेला, जंजिऱ्यासमोरच्या खाडीवर आहे. काझीने एका गावात बसून भागत नसे. सुंता, लग्न, मयत यांसाठी त्याला गावोगाव हिंडावे लागे, कारण त्याचे लोक एकेका घराने सगळीकडे पसरले होते. रहाबी नेमका कोणत्या शतकातला यावर मतभेद आहेत. काही जण त्याला फार प्राचीन मानतात आणि काही अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्यातला. म्हणून या कथेवरून आडनावांचे वय ठरवू नये. पण काझींची तीन घराणी गावांच्या नावांनी ओळखली जात आणि ती गावे एकमेकांपासून दूर होती, एवढे तिच्यातून निश्चित मिळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही आडनावे इंग्रजी अमदानीतली, शाळेच्या आणि कचेरीच्या नोंदवहीने पाडलेली असतील, असे कोणी म्हणेल. यात निम्मे तथ्य आहे. स्पेलिंग आणि शेवटचे रूप नोंदवहीनेच पक्के केले. जुन्या सैनिकी नावांत आडनाव बहुधा दिसत नाही, समाजी हसाजी अशी जोडी दिसते. समाजी म्हणजे सॅम्युअल, हसाजी म्हणजे एझिकेल. पण याच समाजी हसाजीचे आडनाव दिवेकर होते आणि समाज ते विसरला नव्हता. कंपनीच्या सैन्यातल्या या अधिकाऱ्याने टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर 1796 मध्ये मुंबईत मशीद बंदराजवळ बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. इंग्रजी शाळा आणि कचेऱ्या कोकणात रुजण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. शिवाय नोंदवहीला आडनाव हवेच होते तर बापाचे नावही चालले असते, आणि पुढे कितीतरी घरांत ते चाललेही. बगदादहून आलेले ससून घराण्यासारखे यहुदी त्याच मुंबईत, त्याच इंग्रजांच्या राज्यात राहिले, पण त्यांच्यापैकी कोणी ‘कर’ झाला नाही. कारण त्यांच्या मागे कोकणातले गाव नव्हते.

ही आडनावे मग दूरवर गेली. राजपूरकर आडनावाचे जोसेफ एझिकेल यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. त्याच आडनावाचे डॉ. एलायजा मोझेस 1937 मध्ये मुंबईचे महापौर झाले, महालक्ष्मीचा डॉ. ई. मोझेस रस्ता त्यांच्या नावाचा आहे. कराचीतले मागेन शालोम हे प्रार्थनामंदिर 1893 मध्ये उभारले ते नगरपालिकेत सर्वेक्षक असलेल्या सॉलोमन डेव्हिड उमर्डेकर यांनी. फाळणीनंतर तिथला समाज संपला आणि 1988 मध्ये ती इमारतही पाडली गेली. आपल्या सर्वांना ‘डेव्हिड’ म्हणून ठाऊक असलेले चित्रपट अभिनेते डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांच्या नावातून पडद्यावर गाव गळून पडले. रस्त्याच्या पाटीवरच्या डॉ. मोझेसांचेही तसेच. इंग्रजी शिकलेल्या घरांनी बापाचे नाव हेच आडनाव केले, त्यामुळे आज सॅम्युअल, डॅनियल, मोझेस या नावांखाली कितीतरी केहीमकर आणि आवासकर झाकलेले आहेत.

म्हणूनच एखादे विरळ आडनाव आज कुठे किती आहे हे नुसत्या याद्यांवरून मोजू पाहणाऱ्यांना सावध करावेसे वाटते. दोन्ही बाजूंनी चूक होते. एकीकडे ही झाकलेली घरे मोजणीतून सुटतात. दुसरीकडे पेणकर किंवा रोहेकर हे हिंदूही असतात आणि मुसलमानही, कारण गावाचे नाव कोणा एका धर्माचे नसते. आडनावाबरोबर पहिले आणि बापाचे नाव पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही. ढोबळ चित्र मात्र स्वच्छ आहे. 1948 नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला आणि अश्दोद, लोद, रामला, बीरशेबा, दिमोना या शहरांत वसला. भारतात आज सगळ्या परंपरांचे मिळून यहुदी पाच हजारांच्याही आत आहेत, त्यांतले बरेचसे मुंबई-ठाण्याकडचे. अष्टागरातल्या गावांची नावे अष्टागरापेक्षा नेगेवच्या वाळवंटाकडच्या शहरांत जास्त घरांवर असतील, असे मानायला जागा आहे.

आडनावाकडून जे मिळणार नाही ते मागूही नये. इस्रायलमध्ये साठच्या दशकात बेने इस्रायलांच्या यहुदीपणावरच तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली, लग्ने अडवली. समाजाने जेरुसलेममध्ये चिकाटीने सत्याग्रह केला आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. त्या वादात आडनावाचा काही उपयोग नव्हता, कारण प्रश्न आईकडच्या वंशाचा होता. वंशाबद्दल आता जनुकशास्त्र बोलते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतला यहुदी आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे सापडले आणि त्यांचे मिश्रण एकोणीस ते तेहेतीस पिढ्यांपूर्वीचे असल्याचे दिसले. आडनाव त्यानंतरची कहाणी सांगते: ही माणसे कुठल्या गावात रुजली आणि कोणत्या गावाने त्यांना आपले म्हटले. माझ्या लेखी ती वंशाच्या कहाणीपेक्षा तसूभरही कमी मोलाची नाही.

ही कहाणी अजून पुरती लिहिली गेलेली नाही, आणि तिचे कागद ग्रंथालयांपेक्षा रायगड जिल्ह्यात जास्त आहेत. बेने इस्रायलांच्या जुन्या दफनभूमींत मराठी आणि हिब्रू अक्षरांच्या शिळा आहेत. काहींवर माणसाच्या नावापुढे गाव कोरलेले आहे. त्या जमिनींवर आता गवत वाढते, पावसात अक्षरे झिजतात आणि अलिबागच्या किनाऱ्यावर जागांचे भाव रोज चढत आहेत. अलिबाग, पेण, रोहे, मुरूड इथल्या वाचकांना एवढेच सांगणे आहे की आपल्या गावात अशी दफनभूमी असेल तर एका रविवारी वही घेऊन तिथे जा आणि प्रत्येक शिळेवरचे नाव, साल आणि गाव जसेच्या तसे उतरवून घ्या. गावात घाणा कुठे होता हे सांगणारे एखादे म्हातारे माणूस असेल, तर तेही त्याच वहीत लिहा.