धोटा आणि विटाळ

विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही एका लहानशा लाकडी वस्तूची हकिकत सांगणार आहोत. ती वस्तू म्हणजे गिरणीतला धोटा. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांतले आजे-पणजे मुंबईच्या गिरण्यांत राबले. पण साच्यावर, म्हणजे कापड विणण्याच्या यंत्रावर, उभं राहायला मिळालेले फार थोडे. असं का झालं, हे आपल्या मुलाबाळांना ठाऊक असलं पाहिजे.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्या वाढल्या आणि गावोगावची माणसं पोटासाठी मुंबईत आली. गावची विहीर बंद, देऊळ बंद. पण यंत्राला कुठे जात कळते, असं आपल्या माणसांना वाटलं असेल तर नवल नाही. घडलं मात्र निराळंच. अस्पृश्य कामगारांना कताईच्या खात्यात घेतलं, झाडलोटीला घेतलं. ज्या विणकाम खात्यात मजुरी जास्त, त्याचं दार मात्र बंद ठेवलं.

कारण धोट्यात दडलेलं होतं. धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून सुताचं टोक ओढून घेई. दिवसातून कितीतरी वेळा हे करावं लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला कसा लावायचा, असं म्हणून स्पृश्य विणकर त्याला खात्यात येऊ देत नसत.

आता यात विटाळ कोणाला आणि रोग कोणाला, हे पाहा. धोट्याला तोंड लावणं सर्वांनाच घातक होतं. सुताचा धुरळा तोंडावाटे आत जाई, एकाचा रोग दुसऱ्याला लागण्याची भीती असे. परदेशात याच कारणावरून ओरड झाली. तोंड न लावता सूत ओवता येईल असा धोटा निघाला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तोंडाने ओढायच्या धोट्यांवर कायद्याने बंदी आणली. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये मात्र बंदी यायला १९५२ साल उजाडलं. नवे धोटे घ्यायचे तर पैसा लागतो, कामगाराचं तोंड मात्र फुकट मिळतं! म्हणजे उपाय सापडला होता. तो वापरायचा की नाही, हे मालकाच्या खिशावर ठरत होतं. आपल्याकडे त्या खिशाला जातीची साथ मिळाली.

१९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. तो एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. कामगारांच्या हक्कांच्या मागण्या तयार झाल्या, पण अस्पृश्यांना विणकाम खातं खुलं करा, असं पुढाऱ्यांच्या मनात नव्हतं. बाबासाहेबांनी तेव्हा हा प्रश्न लावून धरला. पुढाऱ्यांनी नाखुशीने का होईना, ती मागणी घेतली. त्यावर मालकांचं म्हणणं असं की, ही बंदी आम्ही घातलेली नाही. ते साफ खोटंही नव्हतं. अटकाव करणारे सोबत राबणारे कामगारच होते. पण नवा धोटा आणणं तर मालकांच्या हाती होतं ना? पुढे १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. धोट्याची गोष्ट समजली की ते दोन शत्रू का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

तरीही बाबासाहेब यंत्राच्या विरुद्ध नव्हते. यंत्राने माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसत मिळाली तरच माणूस विद्या नि संस्कृती मिळवू शकतो, असं त्यांचं मत. दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, असं त्यांनी १९४५ सालच्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात मांडलं.

आज गिरण्या जवळजवळ संपल्या. पण धोट्याचा प्रश्न संपलेला नाही, तो गटारात उतरला आहे. हाताने मैला साफ करवून घेण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक झाला. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं. २०२३ साली ही रक्कम तीस लाख केली. मैला ओढणाऱ्या गाड्या आहेत. केरळात २०१८ पासून गटार साफ करणारं यंत्रही वापरात आलं. तरी माणसं आत उतरतात, गुदमरून मरतात, आणि ती बहुतेक कोणत्या समाजाची असतात हे आपण जाणतो. यंत्र आहे, कायदा आहे. पण माणूस स्वस्त पडतो.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. ती जशी काम करणाराने पाळायची, तशीच काम सांगणारानेही पाळायची, असं आम्ही समजतो. म्हणून या वर्धापनदिनी एवढंच मागणं आहे. आपल्या चाळीची, सोसायटीची संडासाची टाकी भरली तर दोनशे-पाचशे रुपये वाचवायला कुणा माणसाला आत उतरवू नका. गाडी मागवा. शेजारी कुणी उतरवत असेल तर त्याला अडवा, कायदा सांगा. आपल्या आज्यांना जो धोटा हाती मिळाला नाही, त्याची याद राखण्याची याहून चांगली रीत आम्हाला सुचत नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!