जखमी महाविद्यालयीन खेळाडूंचा उपचारखर्च
करमाळ्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानावर कबड्डी खेळताना दोन विद्यार्थी जबर जखमी झाले, त्यांतील एक बारावीचा व दुसरा पदवीच्या प्रथम वर्षाचा असला, तर शासनाच्या लेखी दोघांची दुखापत सारखी ठरत नाही. राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना पहिली ते बारावीपुरतीच आहे. २०२२ मध्ये सुधारलेल्या या योजनेत क्रीडास्पर्धेतील दुखापतीचा स्पष्ट उल्लेख असून, प्रत्यक्ष रुग्णालयीन खर्च कमाल १ लाख रुपयांपर्यंत मिळतो. पदवीच्या विद्यार्थ्याला हे छत्र नाही. काही विद्यापीठे समूह अपघात विमा उतरवतात. एरवी आधार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा. तिची मर्यादा २०२४ पासून प्रतिकुटुंब ५ लाख रुपये आहे, मात्र ठरावीक उपचारांसाठी व अंगीकृत रुग्णालयांतच. वार्षिक २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मृत्यू वा कायम अपंगत्वापुरतीच. उपचारखर्च तीत नाही. याच राज्याने २०२३ मध्ये ५० हजार गोविंदांचा विमा प्रत्येकी ७५ रुपये हप्ता भरून उतरवला होता. संघात निवड संस्था करते, चषकही तिच्याच कपाटात जातो; तेव्हा हप्त्याचा भार पालकांवर टाकणे न्याय्य नव्हे. अमेरिकेत सर्वोच्च श्रेणीतील महाविद्यालयांवर ऑगस्ट २०२४ पासून, खेळाडू बाहेर पडल्यावरही किमान दोन वर्षे, खेळातील दुखापतींच्या उपचारखर्चाची जबाबदारी आहे.