विरामचिन्हे, संहिता आणि अपरिचित वाचक

विरामचिन्हे हा वाक्यरचनेचा अनिवार्य घटक आहे काय, हा प्रश्न संगणकाच्या आज्ञावली-भाषांच्या संदर्भात वारंवार उपस्थित केला जातो. मराठीच्या इतिहासात तो त्याहून जुना आहे. त्याची दोन टोके एकाच जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात (पूर्वीच्या अहमदनगरात), सापडतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली. १८४२ मध्ये अहमदनगरहून अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ निघू लागले.

ज्ञानेश्वरीच्या परंपरागत पोथ्यांत ओवीअखेरचे दंड सोडल्यास आजच्या अर्थाने विरामचिन्हे नाहीत. तरीही वाक्याची घडण सामान्यतः हरवत नाही. यमक चरणाचा शेवट सांगते. ‘परि’, ‘तरी’, ‘म्हणौनि’ ही अव्यये उपवाक्यांचे सांधे दाखवितात. ‘ऐसें’ हा शब्द उक्तीची मर्यादा सुचवितो. मोडी दस्तऐवजांत तर आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जात, शब्द तोडण्याचीही प्रथा नव्हती. दस्तऐवजाचा साचा जाणणाऱ्या कारकुनाला त्यामुळे अडत नसे. सीमा होत्याच, त्या दाखविण्याचे काम छंद, प्रत्यय, अव्यये आणि रूढी करीत होत्या.

मात्र या व्यवस्थेलाही मोल द्यावे लागते. पाणिनीच्या सूत्रांत षष्ठी, सप्तमी आणि पंचमी या विभक्तीच नियमाचे स्थान व संदर्भ ठरवितात. अधिकारसूत्र ओळखण्याची खूण स्वरित स्वर ही सांगितली आहे. सूत्रपाठातील ते स्वर कालौघात लुप्त झाले आणि अधिकाराची व्याप्ती भाष्यकारांच्या परंपरेवरून ठरवावी लागली. चिन्ह उच्चारात असेल, तर ते राखणारी परंपराही लागते.

मुद्रणाने नेमकी हीच अट शिथिल केली. नियतकालिकाचा वाचक एकटा, मूकपणे वाचणारा आणि लेखकाला अपरिचित असतो. कीर्तनकाराचा आवाज किंवा कारकुनाचा सराव त्याच्या साहाय्याला नसतो. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही १८५० मधील पुस्तिका या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. तिला केवळ इंग्रजीचे अनुकरण म्हणणे अपुरे आहे. वाचनव्यवहार बदलला होता आणि आवाजाने केलेले काम कागदावर आणणे भाग होते.

संगणक हा अशा अपरिचित वाचकाचे टोक होय. त्याला लेखकाचा हेतू ओळखता येत नाही. तरीही त्याची गरज विशिष्ट चिन्हाची नसते. १९५७ च्या फोरट्रानमध्ये विधानाची सीमा ओळीवरून ठरे. अल्गोल ६० ने दोन विधानांमध्ये अर्धविराम ठेवला. १९९१ मध्ये आलेल्या पायथनने विधानांचे गट समासातील अंतरावरून ओळखले. तेथेही सीमा अनिवार्य, चिन्ह वैकल्पिक.

याचा परिणाम संहिता-संपादनावर होतो. विरामचिन्हरहित पोथी अपूर्ण मानून तीत स्वल्पविराम भरणारा संपादक, जेथे एकाहून अधिक अन्वय संभवतात तेथे, त्यांतील एक निवडून उरलेले नकळत बाद करतो. ते कार्य टीकाकाराचे आहे, आणि तसे ते उघडपणे नोंदविले गेले पाहिजे.