वावडें, विष आणि वेळ

मराठींत ‘वावडें’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. कोणास वांग्याचें वावडें असतें, कोणास कोळंबीचें; घरांतल्या वडील बायका तें ध्यानांत ठेवून पान वाढतात आणि गोष्ट तेथेंच संपते. चुकून तो पदार्थ पोटांत गेलाच, तर अंगावर पित्त उठतें. मग आमसुलाचें पाणी चोळावें, मुलाला निजवावें आणि सकाळची वाट पाहावी. हा उपचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, कारण बहुतेक वेळां सकाळीं मूल खरोखरच बरें होऊन उठतें. परंतु क्वचित् प्रसंगीं हेंच वावडें असें उग्र रूप धारण करतें, कीं सकाळची वाट पाहण्यास अवधि राहत नाहीं. घसा सुजतो, श्वास कोंडतो, नाडी बुडते, आणि अर्ध्याएक घटकेंत सारें आटोपतें. यावरचा उपाय वैद्यकास जवळजवळ शंभर वर्षें ठाऊक आहे. तो कसा हातीं आला, आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांतील आश्रमशाळांत त्याचा मुक्काम कसा व्हावा, याचा विचार वाचकांपुढें मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

या विकाराचा शोध समुद्रसफरींतून लागला. १९०१ सालीं मोनाकोचा अधिपति पहिला आल्बेर याच्या नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते, आणि समुद्रांत तरंगणाऱ्या दाहक प्राण्यांच्या विषाचा ते अभ्यास करीत होते. परत आल्यावर त्यांनीं दुसऱ्या एका सागरी प्राण्याचें विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग चालविले. देवी काढल्या म्हणजे देवीच्या रोगापासून रक्षण होतें, त्याप्रमाणें थोडें विष अगोदर दिल्यास कुत्रा तें पुढें अधिक सोसूं शकेल, अशी त्यांची अटकळ होती. झालें उलटेंच. नेपच्यून नांवाच्या एका धट्ट्याकट्ट्या कुत्र्यानें पहिलें विष सहज पचविलें. तीन-चार आठवड्यांनीं त्याला पुन्हां तेंच टोंचतांच तो पंचवीस मिनिटांत मेला. ‘रक्षणाच्या उलट’ अशा अर्थानें ग्रीक शब्दांवरून त्यांनीं १९०२ सालीं या प्रकारास ‘ॲनाफिलॅक्सिस’ हें नांव दिलें, आणि १९१३ सालीं रिशे यास या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. आज घरोघरीं झालेला ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचा बालवैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यानें १९०६ सालीं काढला. घोड्याच्या रक्तापासून केलेलें औषध टोंचल्यावर कांहीं मुलें त्या औषधानेंच आजारी पडतात, हें त्यानें व त्याच्या सहकाऱ्यानें बारकाईनें पाहिलें होतें. शरीर स्वतःच्या रक्षणासाठीं जे पहारेकरी ठेवतें, तेच कधीं कधीं परक्यास चोर समजून घराला आग लावतात, असा या शोधाचा मथितार्थ आहे.

उतारा याच सुमारास पण अगदीं वेगळ्या वाटेनें येत होता. १८९४ च्या सुमारास इंग्लंडांत जॉर्ज ऑलिव्हर व एडवर्ड शेफर यांनीं, मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथींचा अर्क टोंचला असतां रक्ताचा दाब एकदम चढतो, हें दाखवून दिलें. त्या अर्कांतील सत्त्व स्फटिकरूपानें वेगळें करण्याचें यश अमेरिकेंत राहणाऱ्या जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञास मिळालें, आणि १९०१ सालीं तें जगापुढें आलें. हेंच ॲड्रिनॅलिन. ॲनाफिलॅक्सिस झाला म्हणजे रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपून घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात आणि रक्ताचा दाब कोसळतो. ॲड्रिनॅलिन याच्या नेमकें उलट करतें. तें रक्तवाहिन्या आवळतें, श्वासाची वाट मोकळी करतें आणि हृदयास जोर देतें. मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूंत तें टोंचलें, कीं कांहीं मिनिटांत गुण दिसूं लागतो. मुलास त्याची मात्रा वजनाच्या दर किलोस एक शतांश मिलिग्रॅम इतकी लागते. एक मिलिग्रॅमची कांचेची कुपी थोड्या रुपयांत मिळते.

तेव्हां अडचण औषधाची नाहीं, वेळेची आहे. ब्रिटनमध्यें या विकारानें झालेल्या मृत्यूंचा अभ्यास पंफ्री या वैद्यानें २००० सालीं प्रसिद्ध केला. कीटकदंशानें दगावलेल्यांपैकीं निम्म्यांचें हृदय पंधरा मिनिटांच्या आंतच बंद पडलें होतें. अन्नामुळें दगावलेल्यांत हा अवधि तीस मिनिटांचा होता. याचा अर्थ स्पष्ट आहे. रुग्णालय कितीही सुसज्ज असो, तें पंधरा मिनिटांच्या वाटेपलीकडे असेल तर पहिली सुई तेथें देण्याची आशा धरण्यांत अर्थ नाहीं.

या कसोटीवर जव्हार-मोखाड्याकडे पाहावें. जव्हार हें मुकणे घराण्याचें जुनें संस्थान. १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन होऊन ठाणें जिल्ह्यांत गेलें, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून हा सारा डोंगराळ मुलूख पालघर जिल्ह्यांत मोडतो. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी ही येथली वस्ती. जव्हारास पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्यास ग्रामीण रुग्णालय आहे. पण पाडे डोंगराच्या कुशींत विखुरलेले आहेत, आणि पावसाळ्यांत ओढे भरले म्हणजे थोडी वाटही लांब होते. अशा मुलखांत मुलांना शाळेपाशींच ठेवून शिकवावें, हा विचार ठक्करबाप्पांनीं १९२२ सालीं दाहोदला भिल्ल सेवा मंडळ स्थापून रुजविला. महाराष्ट्र सरकारनें १९७२-७३ पासून शासकीय आश्रमशाळांचा विस्तार केला. याच जिल्ह्यांत बोर्डीस व पुढें कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं कुरणशाळा काढून शाळाच गुरें राखणाऱ्या मुलांकडे नेली होती. आश्रमशाळेची रीत याच्या उलट आहे. येथें मूल घर सोडून शाळेकडे येतें आणि वर्षांतले बरेच महिने तेथेंच जेवतें व निजतें. त्याला कशाचें वावडें आहे हें जाणणारी आई दूर पाड्यावर असते. मध्यरात्रीं हांक मारावी, असें वडील माणूस म्हणजे अधीक्षक, अधीक्षिका किंवा एखादे गुरुजी. डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीनें २०१६ सालीं राज्यांतील आश्रमशाळांविषयीं जो अहवाल दिला, त्यांत पंधरा वर्षांतील हजाराहून अधिक विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा आंकडा पुढें आला. हे मृत्यु निरनिराळ्या कारणांचे आहेत, आणि ते सारे ॲलर्जीच्या माथीं मारणें अर्थातच चुकीचें होईल. परंतु आईच्या जागीं उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत काय करतां येतें, हा प्रश्न त्या प्रत्येक मृत्यूमागें उभा आहे.

येथें कोणी म्हणेल, मग प्रत्येक शाळेंत कुपी व सुई ठेवून द्यावी, म्हणजे झालें. तेवढ्यानें भागत नाहीं, आणि कां भागत नाहीं हें कोंकणच्याच एका वैद्यानें घडविलेल्या इतिहासावरून कळतें. या डोंगरांत मोठ्या झाडावर आग्या मोहोळ असतें, वळचणीस गांधीलमाशीचें पोळें असतें, आणि दगडाखालीं तांबडा विंचू असतो. रात्रीं मूल किंचाळत उठलें, तर काय चावलें हें पुष्कळदां कोणी पाहिलेलेंच नसतें. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ सालीं तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांत, महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले, तेव्हां विंचवाच्या गंभीर दंशानें येणारे पुष्कळ रुग्ण हातचे जात. रुग्णाच्या उशाशीं बसून त्यांनीं पाहिलें, कीं या विषानें शरीरांत ॲड्रिनॅलिन व त्याच्या जातीचीं द्रव्यें पूर आल्यासारखीं सुटतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि त्या ताणाखालीं हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरतें. प्राझोसिन हें रक्तवाहिन्या सैल करणारें साधें औषध त्यांनीं तेथें वापरलें, ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रांत आपले अनुभव प्रसिद्ध केले, आणि मृत्यूंचें प्रमाण अगदीं खालीं आणलें. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

आतां दोन्ही गोष्टी शेजारीं ठेवून पाहाव्या. मधमाशीच्या दंशानें ज्याचा श्वास कोंडला, त्याला ॲड्रिनॅलिन म्हणजे जीवदान; विंचवाच्या विषानें ज्याच्या अंगांत त्याच द्रव्याचा पूर आला आहे, त्याला तें देणें म्हणजे आगींत तेल ओतणें. दोघांनाही दंशच झाला आहे, दोन्ही मुलें कळवळत आहेत, दोघांनाही उलटी होऊं शकते. परंतु एकाच्या अंगावर गांध्या उठतात, ओठ व पापण्या सुजतात, आवाज घोगरा होतो, छातींत घरघर लागते. दुसऱ्याचें अंग घामानें भिजतें, हातपाय गार पडतात, दंशाच्या जागीं असह्य कळा येतात, आणि अंगावर गांध्या मात्र नसतात. हा फरक ओळखण्यास वैद्यकाची पदवी लागत नाहीं. पण तो कोणीतरी समजावून सांगितलेला व पुनःपुन्हां घोकून घेतलेला असावा लागतो. म्हणून प्रश्न शिक्षणाचा आहे, आणि तो शिकविणाऱ्यांच्या शिक्षणाचा आहे.

बाहेरच्या देशांनीं हा धडा दुःख भोगून गिरविला. कानडा देशांतील ऑन्टारिओ प्रांतानें एका शाळकरी मुलीच्या मृत्यूनंतर २००५ सालीं कायदा करून प्रत्येक शाळेनें या विकाराविषयीं धोरण आंखावें व नोकरवर्गास नियमितपणें शिकवावें, असें बंधन घातलें. अमेरिकेंत २०१३ सालीं मध्यवर्ती कायद्यानें शाळांतून हें औषध ठेवण्यास उत्तेजन दिलें. ब्रिटनमध्यें २०१७ पासून शाळांना वैद्याच्या चिठ्ठीवांचून तें विकत घेतां येऊं लागलें. तेथें जी सुई वापरतात ती लेखणीसारखी असते. मांडीवर दाबली, कीं मोजलेली मात्रा आपोआप आंत जाते. पण तिची किंमत अशी, कीं २०१६ सालीं अमेरिकेंत दोन सुयांची जोडी सहाशें डॉलरांवर गेली होती. आपल्या डोंगरांतील शाळेस तो थाट परवडणारा नाहीं, आणि कुपी व साधी पिचकारी असतां त्याची जरूरही नाहीं.

आपल्याकडे कांहींच नाहीं, असें मात्र समजूं नये. लस टोंचल्यावर एखाद्या मुलास ॲनाफिलॅक्सिस झाला, तर रुग्णालयांत पाठविण्यापूर्वीं ॲड्रिनॅलिनची एक मात्रा आरोग्यसेविकेनें स्वतः द्यावी, अशी मुभा आपल्या सरकारनें दिली आहे. त्यासाठीं तिच्या पेटींत कुप्या, बारीक पिचकाऱ्या आणि वयाप्रमाणें मात्रेचा तक्ता असतो. महाराष्ट्रांत २७ नोव्हेंबर २०१८ रोजीं गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांस ही लस द्यावयाची होती आणि मोहिमेचा मोठा भाग शाळाशाळांतूनच पार पडला. लसीकरणाच्या अशा दिवशीं नियमाप्रमाणें ही पेटी शाळेच्या ओटीवर येते, चालविणारा शिकलेला हातही तिच्यासोबत येतो. आणि सायंकाळीं दोन्ही एकदमच निघून जातात. उरलेले दिवस आग्या मोहोळ मात्र झाडावरच असतें.

आक्षेप येतील ते ठाऊक आहेत. शिक्षकानें सुई टोंचावी काय? चूक झाली तर जबाबदार कोण? या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रांतच गडचिरोलीस मिळालेलें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं तेथील खेड्यांतल्या अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांचा जंतुसंसर्ग ओळखण्यास आणि त्यांना इंजेक्शन देण्यास शिकविलें. १९९९ सालीं त्यांचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्यें आला, एकोणचाळीस गांवांतील त्या प्रयोगांत नवजात बालकांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं घटले होते. ज्या हातांना जन्मतः दोन किलोचें मूल सांभाळतां आलें, त्यांच्याहून आश्रमशाळेच्या अधीक्षिकेचा हात कमी विश्वासाचा कां मानावा? स्नायूंत दिलेली योग्य मात्रा निरोगी मुलास सहसा इजा करीत नाहीं. धोका असतो तो शिरेंत टोंचण्याचा, मात्रा चुकण्याचा आणि विंचवाच्या दंशाशीं गफलत होण्याचा. हे तिन्ही धोके शिकवून टाळतां येण्यासारखे आहेत. उशीर झाला तर मात्र त्यावर इलाज उरत नाहीं.

करावयाचें तें फार नाहीं. मूल शाळेंत दाखल होतांना त्याच्या आईला तिच्या बोलींत विचारावें, कीं याला कशाचें वावडें आहे, माशी चावल्यावर पूर्वीं काय झालें होतें. आणि तें पटावर नांवापुढें लिहावें. कुपी उजेड व उष्णता लागणार नाहीं अशा पण सर्वांस ठाऊक असलेल्या जागीं ठेवावी, आणि तिच्यावरची मुदत दर महिन्यास पाहावी. प्रत्येक शाळेंतील निदान दोन माणसांनीं दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं रुग्णालयांत जाऊन हें काम हातानें करून शिकावें. सुई दिल्यावर मुलाला आडवें निजवावें, दम लागत असेल तर बसतें ठेवावें, आणि बरें वाटलें तरी रुग्णालयांत न्यावें, कारण हा विकार कांहीं तासांनीं उलटूं शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, जी लेखी मुभा आरोग्यसेविकेस मिळाली तीच अधीक्षकास व गुरुजींस मिळावी. म्हणजे मध्यरात्रीं मुलाचा श्वास अडत असतां त्यांना नोकरीची चिंता करीत उभें राहावें लागणार नाहीं.

मोनाकोच्या नौकेपासून शाळेच्या ओटीपर्यंत येण्यास या ज्ञानाला शंभर वर्षें लागलीं. ओटीवरून आंतल्या फडताळापर्यंतची वाट दहा पावलांची आहे, आणि ती चालणें आपल्या हातचें आहे.